प्रश्न पुरा होण्याआधी

उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, जळक्या पाचटाची काळी कात्रणं दोरीवरच्या धुण्यावर येऊन बसायला लागली, की मी पटका कानांवर ओढून घेतो. घरातल्यांना वाटतं म्हाताऱ्याला थंडी बाधली. थंडी मला काय बाधणार? कृष्णेच्या काठाला भर थंडीत उसाला पाणी पाजत, दारं धरण्यात जन्म गेला माझा. मला भीती वाटते ती समोरच्या घरातून येणाऱ्या एका आवाजाची. टण्. पालथ्या घातलेल्या स्टीलच्या वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज.

त्या घरातली पोरं ह्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रश्नमंजुषेला बसलीत. प्रश्नमंजुषा. हा शब्द तोंडात बसायला मला बरेच दिवस लागले होते. सुगीला वास असतो, गुऱ्हाळाला असतो, तसा ह्या हंगामालाही आहे. नव्या कागदाचा, गंधकाचा, आणि पोरींच्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा.

आमच्या सईच्या वेळी ही वाटी आमच्या ओसरीवर वाजत होती. सई माझी नात, थोरल्या पोराची मुलगी. तेव्हा दहावीला होती. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे माने सर आहेत, त्यांनी तीन पोरी निवडल्या. सई, तांबोळ्यांची नाझिया आणि पलीकडच्या गल्लीतली प्रणाली. लेखी फेरीत तिघी निघाल्या आणि शेवटची फेरी कोल्हापुरात, एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये ठरली. तिथं म्हणे प्रत्येक टेबलावर बटण असतं. जो आधी दाबेल त्यानं उत्तर द्यायचं. चुकलं तर गुण कापणार. आपसात कुजबुजायला परवानगी, पण मोठ्यानं बोलायचं ते एकट्या कप्तानानं. कप्तान होती सई.

आता गावात बटण कुठलं आणायचं? वाटी पालथी घातली. प्रश्न वाचायला कोण, तर मी म्हणालो, मी वाचणार. सूनबाई म्हणाली, "मामंजी, मी वाचतो की पटापटा." मी म्हणालो, "का? मला वाचाय येत न्हाय?" झालं. घरात माझ्यापुढं कोण बोलतंय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपर रोज वाचतो, मनातल्या मनात, ओळीखाली बोट ठेवून. ते बोट घेऊनच मी ओसरीवर बसलो.

"ह... वेत... स... र्वांत... जास्त..."

टण्!

"नायट्रोजन!"

"अगं, माझं वाचून तरी होऊ दे की."

"आबा, तुमचं वाचून होईस्तवर उसाला तुरा येईल," सई म्हणायची. नाझिया मात्र माझ्या बाजूची. "आबा, तुमी असंच वाचा. आमाला विचार कराय टाइम मिळतोय." आणि खरंच मिळत होता. माझं एक अक्षर आणि दुसरं अक्षर ह्यांच्या मधल्या फटीत ह्या पोरी आख्खं पुस्तक उलटून यायच्या. पुढं पुढं तर मी "चु... न... ख..." म्हणायचा अवकाश, वाटी वाजलीच. माने सर एकदा बघायला आले, ओसरीच्या पायरीवर बसले आणि टाळ्या पिटायला लागले. "आबा, अर्ध्या प्रश्नात उत्तर! शहरातली पोरं बघत राहतील." मी मिशीवरून हात फिरवला. आम्ही सगळे मिळून काय तयार करत होतो हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दिवसांत घर नुसतं रसायनानं भरलं होतं. कॅलेंडरच्या शेजारी सईनं एक मोठा तक्ता चिकटवला होता. बारक्या बारक्या घरांची कॉलनी जणू, आणि घराघरात एकेक मूलद्रव्य राहायला. मी विचारायचो, सोनं कुठल्या घरात? ती लांबूनच बोट दाखवायची. माझ्या धोतरावर हळदीचा डाग पडला, त्यावर साबण लावला तर लालभडक झाला. मला वाटलं रक्तच. ती पोट धरून हसली. एकदा द्राक्षबागेवर फवारायचा मोरचूद कुणाकडून तरी मागून आणला, काचेच्या ग्लासात निळं पाणी केलं आणि माझ्या हत्याराच्या पेटीतला एक खिळा त्यात सोडला. थोड्या वेळानं खिळ्यावर तांबं चढलं. तिनं तो ग्लास उन्हाकडं धरला. तिच्या तोंडावर निळा उजेड पडला होता आणि ती आपण कुठं आहोत हे विसरून गेली होती. माझ्या मनात आलं, हिला दुसरं काही करायला लावलं तर ही वाळून जाईल.

म्हणूनच ती जे बोलली त्याची भीती.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये आभार मानायला ती स्टेजवर उभी राहिली आणि तिचा घसा बसला. आवाजच फुटेना. पोरं हसली. त्यानंतर काही दिवस ती शाळेला गेली नव्हती. तो काटा मनात होताच. सरावाच्या दिवसांत एकदा पोहे खाताना प्रणाली सहज म्हणाली, "सये, परत तसंच झालं तर गं?"

सईनं बशी खाली ठेवली. "झालं तर मी अकरावीला सायन्स घेत न्हाय. आर्ट्सला जातो. जिला चार माणसांत तोंड उघडता येत न्हाय, तिनं कशापायी सायन्स घ्यायचं? बोललो म्हंजे बोललो."

"घ्या," सईची आज्जी चुलीपाशी बसून म्हणाली, "आबांवर गेली."

सगळे हसले. मीही हसलो, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा छाती फुगलीच. आपलं रक्त! पण ते हसू गळ्याखाली उतरलं नाही. कारण आमच्या घरात बोललं म्हणजे बोललं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? चुलत भावाच्या दारात एकदा चहा उशिरा आला म्हणून मी म्हणालो होतो, ह्या घरचा चहा पुन्हा घेणार नाही. तो भाऊ म्हातारा होऊन वारला, मी दिवसाला गेलो, पण चहा घेतला नाही. महापुरात पाणी ओसरीवर चढलं, बोट दारात आली, सगळी बसली. मी म्हणालो, मी माझं घर सोडून बोटीत चढणार नाही. पाणी कमरेला लागलं तरी नाही. शेवटी पोरानं आणि बोटीवरच्या दोघांनी मला उचलून आत टाकलं. गावात मी आजही सांगतो, मी चढलो नाही, मला टाकलं. शब्द मोडला नाही. त्या बोटीत बारकी सई माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होती. ती तिथंच शिकली असणार.

त्या पाण्यात मला भीती वाटली नव्हती. ह्या पोरीच्या एका वाक्यानं मात्र मला भाकर गोड लागेना.

मी माझ्या परीनं उपाय केला. म्हटलं, घसा काय, मोटेसारखा असतोय, चालवला की चालतोय. तिला घेऊन मी तोडणीला आलेल्या उसात गेलो आणि म्हणालो, "ओरड. तुझी ती घरं म्हण एकेक." ती आधी लाजली, मग सुटली. "हायड्रोजन! हेलियम! लिथियम!" उसाच्या पाल्यातून बगळे उडाले. बांधाच्या पलीकडं तोडणी चाललेली, तिथल्या एकानं कोयता थांबवून विचारलं, "आबा, पोरगी कुणाला हाका मारतीया?"

"पावण्यांना," मी म्हणालो.

"एवढी लांबची नावं? कर्नाटकातलं हायत काय पावणं?"

सई हसत हसत खाली बसली. उसात तिचा आवाज खणखणीत होता. पण ऊस काही माणसासारखा तोंडाकडं बघत नाही. परत येताना ती माझ्या मागून चालत होती आणि एकदम म्हणाली, "आबा, माणसं बघाय लागली की माझ्या घशात कोण तर बसतंय." मी मागं वळून बघितलं नाही. माझं तोंड तिला दिसू नये असं वाटलं.

कोल्हापुरातला तो हॉल थंडगार होता. बाहेर ऊन, आत जानेवारीत सुद्धा यंत्रानं गार केलेलं. मऊ खुर्च्या, त्यात बसलं की माणूस मागंच जातो. स्टेजवर टेबलं मांडलेली, टेबलावर लाल बटणं, मागं पोरं बसलेली. कुणी कोट घातलेली, कुणी गळ्यात पट्टा बांधलेली. आमच्या तिघी निळ्या-पांढऱ्या गणवेशात, तेल लावलेल्या वेण्या. मी मागच्या बाजूला बसलो. शेजारी चष्मा घातलेला एक माणूस, त्याचा पोरगा पहिल्या टेबलावर.

"पावणं, तुमचं कोण?" त्यानं विचारलं.

"ती मधली. कप्तान."

"कुठल्या क्लासला असते?"

"माझ्या," मी म्हणालो. तो माझ्या पटक्याकडं बघत राहिला.

आधीच एका बाईनं माईकवरून सांगितलं होतं, प्रेक्षकांतून एक शब्द आला तरी तो संघ बाद. मग त्याच बाईंनी प्रश्न वाचायला घेतले. आणि काय ते वाचणं! मोटर चालू केल्यावर पाइपातून पाणी पडावं तसं. "हवेत सर्वांत जास्त प्रमाणात असणारा वायू..." आणि घंटी वाजली. आमच्या टेबलावरचा दिवा लागला.

सई म्हणाली, "नायट्रोजन." आवाज कापरा, पण फुटला. मी मांडीवर थाप मारणार होतो.

बाई म्हणाल्या, "पूर्ण प्रश्न असा होता. हवेत सर्वांत जास्त प्रमाणात असणारा वायू हायड्रोजनशी संयोग पावून कोणता वायू तयार करतो? उत्तर, अमोनिया. गुण वजा."

तेव्हा मला कळलं नाही. वाटलं, एखादा जायचाच. पुढचा प्रश्न. "चुनखडी तापवल्यावर..." पुन्हा आमचाच दिवा. "कार्बन डायऑक्साइड." बाईंनी मान हलवली. प्रश्न होता, तापवल्यावर मागं जो पांढरा पदार्थ उरतो त्याचं रासायनिक नाव काय. शेजारचा चष्मेवाला पुटपुटला, "पूर्ण ऐकत का नाहीत ही पोरं?"

आणि तेव्हा मला उमगलं. पुरं ऐकायची त्यांना सवयच नव्हती. पुरा प्रश्न म्हणजे काय असतो हे माझ्या ओसरीवर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. माझं बोट ओळीच्या मध्यावर असतानाच वाटी वाजायची आणि आम्ही पुढच्या कागदाला लागायचो. माझ्या वाचण्यावर तयार झालेले ते हात होते. आपण वाढवलेलं खोंड आपल्याच हाकेनं भलत्या बांधावर जावं आणि आपल्याला ओरडताही येऊ नये, तसं झालं. "थांबा, हात मांडीवर ठेवा!" एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द आला तर संघ बाद. मी पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी धरलं. ह्या वर्षी समोरच्या घरातल्या पोरांना परवा मी हेच सांगून आलो, हात मांडीवर ठेवा, पुरं ऐका. व्हय आबा, म्हणाली. वाटी अजून अर्ध्यातच वाजते.

सईनं मात्र तिथं स्टेजवर ते ओळखलं. मला लांबून दिसलं. तिनं बटणावरचा हात उचलला, बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि टेबलाखाली घेतला. पण तोवर तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

मग बिनबटणाची फेरी आली. एकेका संघाला एकेक प्रश्न, उत्तर कप्तानानं उभं राहून द्यायचं. सई उभी राहिली. बाईंनी ह्या वेळी जरा सावकाश वाचलं. "मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला, तर खिळ्यावर कोणत्या धातूचा थर चढेल?"

अरे, हा तर आमचा खिळा! माझ्या पेटीतला! मी खुर्चीत पुढं सरकलो. नाझिया खालून बघत होती, प्रणालीनं डोळे मिटले होते. सईनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं गिळल्यासारखं केलं, पुन्हा तोंड उघडलं. माईकमधून नुसता श्वास ऐकू आला, आख्ख्या हॉलला. कुणीतरी मागं खुसकन हसलं. वर भिंतीवर मोठं घड्याळ लावलेलं, त्याचे आकडे उतरत चाललेले.

तो श्वास मला ओळखीचा होता. चौथीत होतो मी. गुरुजींनी उभं केलं, म्हणाले, धडा वाच. पुस्तक हातात, ओळ समोर, आणि घशात कुणीतरी येऊन बसलं. पोरं हसली. गुरुजी म्हणाले, बस खाली. मी घरी आलो, दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणालो, मी शाळेला जाणार नाही. वडील म्हणाले, बरं. म्हशी होत्याच राखायला. त्या घरात कुणी विचारलं नाही, का रे? कुणी म्हणालं नाही, एकदा जाऊन तर ये. मी बोललो होतो ना! आणि मग सगळ्या जन्मात मी सांगत आलो, शाळेनं मला नाही, मी शाळेला सोडलं. त्या दिवसानंतर मी मोठ्यानं वाचलं ते थेट ह्या तिघींच्या समोर, वाटी मध्ये ठेवून.

घंटी वाजली. वेळ संपली. प्रश्न पुढच्या संघाकडं गेला, शेजारच्याच्या पोरानं सांगितलं, तांबे, आणि टाळ्या पडल्या. सई खाली बसली.

आम्ही खालून दुसरे आलो. स्टँडवर माने सरांनी पोरींना भडंग घेऊन दिलं आणि गाडीत पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले, खिडकीकडं तोंड करून. नाझिया आणि प्रणाली एका बाकावर. सई माझ्या शेजारी. गाडी पंचगंगेच्या पुलावरून शिरोलीकडं निघाली. कारखान्यांच्या चिमण्या मागं पडल्या, उसाच्या ट्रॉल्या आडव्या यायला लागल्या, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि मी वाट बघत होतो. आता ही बोलेल. आता म्हणेल, आबा, झालं ते झालं, मी आर्ट्सला जातो. ती बोलली की मी काय म्हणणार? बरं म्हणणार? वडिलांनी म्हटलं तसं?

शब्द पाळ म्हणून मी आख्ख्या गावाशी भांडलोय. शब्द मोड, हे म्हणायला माझ्याकडं तोंडच नव्हतं. तरी मी धीर केला. हातकणंगल्याच्या फाट्याजवळ असेल. पुरात जेवढं धरून बसलो होतो, त्याहून जास्त जोर लागला.

"सये."

"काय वं आबा?"

"ते तू बोलली व्हतीस ते... ऱ्हाऊ दे की."

"कुठलं?"

"त्ये. सायन्स घेणार न्हाय म्हणून."

तिनं भडंगाचा बकाणा चावून संपवला. शेंगदाणा दातात अडकला होता, तो जिभेनं काढला. माझा जीव इकडं टांगलेला आणि ही शेंगदाणा काढतीया.

"ते व्हय? ते मी तिथंच सोडलं की."

"तिथं म्हंजे?"

"स्टेजवरच. खाली बसल्या बसल्या."

"अगं पण तू बोलली व्हतीस. बोललो म्हंजे बोललो म्हणून."

"बोललो व्हतो. आता न्हाय म्हणतो." तिनं पिशवी माझ्यापुढं धरली. "आबा, मला तांबं येत व्हतं वं. घसा आला न्हाय. पण तांबं येत व्हतं. येत असताना कशाला सोडायचं?"

मी मूठभर भडंग घेतलं आणि ते हातातच राहिलं. गाडी चालत होती. आमच्या घरातला शब्द मोडला होता आणि काही पडलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं, पुढच्या बाकावर नाझिया आणि प्रणाली खिडकीवरून भांडत होत्या. मी सईकडं बघितलं, मग बाहेर बघितलं. चौथीतली ती ओळ मला अजून दिसते, तिच्यातली वेलांटी न् वेलांटी. त्या दिवशी ती मला वाचता येत होती. सगळी येत होती. फक्त घसा आला नव्हता.